मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर आणि तास

(भूगोलाच्या एका शिक्षकांच्या स्मरणार्थ सांगलीत चालणाऱ्या व्याख्यानमालेतील भाषणाची मुद्रित प्रत)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, ते भूगोल शिकवत. म्हणून विषय निवडण्याची मोकळीक मिळाली तेव्हा मी भूगोलातलाच एक प्रश्न घेतला. तो तुमच्या घरातलाही आहे. या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांचा मुलगा, मुलगी किंवा नातवंडं कॅलिफोर्नियात आहेत. वर्ष-दोन वर्षांतून एकदा तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरता, किंवा ते मुंबईला उतरतात. निघण्याआधी प्रत्येक जण दोन प्रश्न विचारतो : किती लांब आहे? आणि किती तास लागतील?

माझी नोकरी या दोन प्रश्नांची उत्तरं रोज नव्यानं काढण्याची होती. वैमानिकाच्या हातात उड्डाणाआधी जो फ्लाइट प्लॅन पडतो, तो जमिनीवर बसून आखणाऱ्याला डिस्पॅचर म्हणतात. मार्ग कोणता, उंची किती, इंधन किती, काही बिघडलं तर उतरायचं कुठे, हे सगळं त्या कागदावर असतं. लोकांना वाटतं, किलोमीटर एकदा कळले की त्यांना विमानाच्या वेगानं भागलं म्हणजे तास मिळतात. तसं होत नाही. किलोमीटर पृथ्वीच्या आकारानं ठरवून ठेवले आहेत आणि ते बदलत नाहीत. तास मात्र वारा, डोंगर, इंधनाचं वजन आणि देशादेशांमधले संबंध मिळून ठरवतात. आज मला या तासांबद्दलच बोलायचं आहे, कारण ते प्रवाशाच्या आयुष्यातून खर्च होतात आणि त्यांचा हिशेब त्याला कुणी देत नाही.

आधी अंतर. शाळेतला पृथ्वीगोल घ्या, मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवा आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा गोलावर ज्या रेषेत बसतो तो सर्वांत जवळचा मार्ग. त्याला बृहद्वृत्त म्हणतात. त्याचं गणित सोपं आहे. या दोन शहरांनी पृथ्वीच्या केंद्राशी केलेला कोन सुमारे १२१.५ अंशांचा आहे. एका अंशाचे ६० भाग केले की प्रत्येक भाग जमिनीवर एक सागरी मैल भरतो, म्हणजे १.८५२ किलोमीटर. वैमानिक आजही सागरी मैलांतच बोलतात. गुणाकार केला की ७,२९० सागरी मैल, म्हणजे सुमारे १३,५०० किलोमीटर मिळतात.

हा दोरा जातो कुठून, ते नीट पाहा, कारण भिंतीवरच्या नकाशानं आपली मोठी दिशाभूल केलेली असते. तो नकाशा बहुधा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. मर्केटरनं तो १५६९ मध्ये जहाजांसाठी केला. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्याला तो उत्तम आहे, पण ध्रुवांकडचा प्रदेश तो अफाट फुगवून दाखवतो. त्या नकाशावर पट्टी ठेवली तर वाटतं, अमेरिकेला पूर्वेकडून जायचं तर सरळ पॅसिफिक महासागर ओलांडून जावं. गोलावरचा दोरा वेगळंच सांगतो. तो मुंबईहून उत्तरेला निघतो, पूर्वेकडे जेमतेम १४ अंश कललेला. राजस्थानवरून पंजाब-हिमाचलच्या सीमेकडे, मग लडाखमध्ये लेहच्या अगदी जवळून तो जातो. पुढे चीनचं तकलामकान वाळवंट, कझाकस्तानची सीमा, अल्ताई पर्वत, सायबेरियातली येनिसेई नदी. तिथून आर्क्टिक महासागर. सर्वांत वर तो ७६.५ अंश उत्तर अक्षांशाच्याही पुढे पोहोचतो. मग उतरायला लागतो तो अलास्काच्या उत्तर टोकावरच्या उत्किआग्विक गावाजवळून, आणि कॅनडाचं युकॉन ओलांडून किनाऱ्याच्या कडेकडेनं कॅलिफोर्नियात येतो. मुंबईच्या उन्हातून निघालेल्या माणसाचा सर्वांत जवळचा रस्ता बर्फाच्या समुद्रावरून जातो. गुरुजींनी वर्गात हा दोरा ताणून दाखवला असता तर मुलं ते कधी विसरली नसती.

पण या दोऱ्यावरून तंतोतंत एकही प्रवासी विमान जात नाही. पहिली अडचण निघाल्यावर दोन-अडीच तासांतच उभी राहते, आणि ती हिमालय-काराकोरमची आहे. तुम्ही म्हणाल, विमान ३५ हजार फुटांवर उडतं, डोंगर त्याच्या बराच खाली राहतो. सगळं सुरळीत असेल तर खरंच खाली राहतो. डिस्पॅचरला मात्र काही सुरळीत नसेल तर काय, एवढाच विचार करायचा असतो. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर डोक्यावरून ऑक्सिजनचे मुखवटे खाली येतात. प्रवाशांच्या त्या मुखवट्यांतून मिळणारा ऑक्सिजन बहुतेक विमानांत १२ ते २० मिनिटांपुरता असतो. तेवढ्या वेळात विमानानं १० हजार फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ३ हजार मीटरपर्यंत खाली यायचं असतं, जिथे माणूस मुखवट्याशिवाय श्वास घेऊ शकतो. काराकोरममध्ये, तिबेटच्या पठारावर ३ हजार मीटरवर हवा नाही, खडक आहे. कितीतरी शिखरं ७ हजार मीटरच्या वर आहेत. एखादं इंजिन बंद पडलं तरी विमान त्या उंचीवर टिकत नाही, हळूहळू खाली सरकतं. म्हणून तिथून जायचं तर दर काही मिनिटांच्या अंतरावर सखल भागाकडे सुटण्याची वाट आधी आखलेली असावी लागते, आणि बहुतेक विमानकंपन्या हा प्रदेश टाळूनच जातात. एक तर पश्चिमेला पाकिस्तान, अफगाणिस्तानावरून मध्य आशियात जायचं, नाही तर पूर्वेला बंगालवरून वळून चीन, जपानच्या बाजूनं. दोऱ्याला पहिला बाक इथे पडतो.

आता भागाकार करून बघू. मोठ्या जेट विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर १३,५०० किलोमीटरला बरोबर १५ तास लागतील. वारा पाठीमागून सरासरी ५० किलोमीटरनं ढकलत असेल तर सव्वाचौदा तास. तोच वारा समोरून आला तर जवळपास सोळा. दोन्ही प्रवासांत विमान तेच आणि अंतरही तेच, पण फरक पावणेदोन तासांचा, तोही अगदी माफक वाऱ्याचा. यात जमिनीवरची वेळ धरलेली नाही. वेळापत्रकात छापतात ती वेळ धावपट्टी सोडल्यापासूनची नसते. चाकांखालचे अडथळे काढून विमान मागे ढकललं जातं तिथपासून, पलीकडे थांबून पुन्हा अडथळे लागेपर्यंतचा तो काळ असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात मुंबईची धावपट्टीसाठीची रांगही आली.

वाऱ्याबद्दल मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण आयुष्यभर मला सर्वांत जास्त शिकवलं ते त्यानं. जमिनीपासून ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद, अतिवेगवान वाऱ्याचे पट्टे आहेत. जेट स्ट्रीम त्यांनाच म्हणतात. हिवाळ्यात जपानवर आणि उत्तर पॅसिफिकवर त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्यांनी आपला अहवाल १९२६ मध्ये एस्पेरांतो भाषेत छापला, साऱ्या जगानं वाचावा म्हणून. जगानं तो फारसा वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर बॉम्बफेकीला आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना हा वारा अंगावर घ्यावा लागला, तेव्हा त्याची खरी दखल घेतली गेली. नोव्हेंबर १९५२ मध्ये पॅन ॲम या अमेरिकी कंपनीच्या विमानानं टोकियोहून होनोलुलूला जाताना हा वारा मुद्दाम पाठीशी घेतला, आणि १८ तासांचा प्रवास साडेअकरा तासांत आटोपला.

आपल्या डोक्यावरही असे वारे आहेत. हिवाळ्यात पश्चिमी जेट हिमालयाच्या दक्षिणेनं, उत्तर भारतावरून वाहतो. पावसाळ्यात दक्षिण भारतावर वरचा वारा उलटतो आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे धावू लागतो. पूर्वेकडून वाहणारा हा जेट जगापुढे मांडला तो भारतीय हवामान खात्याचे पी. कोटेश्वरम यांनी, १९५० च्या दशकात. त्यांचं नाव आपल्या शाळांच्या पुस्तकांत ठळकपणे असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणि आता या विषयातलं माझं सर्वांत आवडतं उदाहरण सांगतो. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणला तर अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरतं. एअर इंडियानं डिसेंबर २०१५ मध्ये ही थेट सेवा सुरू केली तेव्हा विमान युरोप आणि अटलांटिकवरून जाई. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिशाच बदलली. विमान पूर्वेला निघालं आणि पॅसिफिक ओलांडून गेलं. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. पण ते पोहोचलं साडेचौदा तासांत, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. हिशेब करा : जमिनीच्या तुलनेत सरासरी वेग ताशी हजार किलोमीटरच्या वर गेला. जास्तीचं अंतर वाऱ्यानं भरून काढलं आणि वर वेळही वाचवला. परत येताना अटलांटिकवरून आलं की वारा पुन्हा पाठीशी. म्हणजे जाऊन-येऊन प्रवाशाची पृथ्वीप्रदक्षिणा होई. मुलीकडे जाऊन आलेल्या किती आई-वडिलांना आपण पृथ्वीला फेरी मारून आलो हे कळलं असेल?

त्याहून टोकाचं उदाहरण बोइंग कंपनीच्या एका चाचणीचं आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये त्यांचं ७७७-२०० एलआर विमान हाँगकाँगहून लंडनला गेलं, पण पश्चिमेकडून नव्हे, पूर्वेकडून, पॅसिफिक, अमेरिका आणि अटलांटिक ओलांडून. या दोन शहरांमधलं जवळचं अंतर साडेनऊ हजार किलोमीटरच्या आसपास आहे. ते विमान २१,६०२ किलोमीटर उडलं, न थांबता, २२ तास ४२ मिनिटं. पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन गावांमधलं जवळचं अंतर साधारण २० हजार किलोमीटरच्या वर जाऊच शकत नाही, कारण तेवढ्यात अर्धी पृथ्वी संपते. अंतराला अशी एक मर्यादा आहे, आणि यंत्रानं ती त्या दिवशी ओलांडून दाखवली.

मग जगातलं कुठलंही शहर कुठल्याही शहराला थेट का जोडलं जात नाही? कारण इंधन. बैलगाडी लांबच्या वाटेला निघाली की बैलांचा कडबाही गाडीतच भरावा लागतो. वाट जितकी लांब तितका कडबा जास्त, आणि तो कडबा ओढायला बैलांना खायला आणखी लागतं. विमानाचं अगदी तसंच आहे. जादा भरलेल्या इंधनाचा काही टक्के भाग दर तासाला केवळ ते जादा वजन वर धरून ठेवण्यात जळतो. पंधरा-सोळा तासांच्या प्रवासात हा हिस्सा फार मोठा होतो. समोरचा वारा अपेक्षेपेक्षा जोरात असेल तर डिस्पॅचरपुढे दोनच मार्ग राहतात. काही माल किंवा काही प्रवासी खाली ठेवायचे, नाही तर वाटेत कुठेतरी उतरून टाकी भरायची. प्रवाशाला वाटतं, कंपनीनं ऐन वेळी घोळ घातला. बहुतेक वेळा तो त्या रात्रीच्या वाऱ्याचा हिशेब असतो. माझं म्हणणं एवढंच की हा हिशेब प्रवाशाला चार वाक्यांत समजावून सांगितला पाहिजे. माणसं समजूतदार असतात. अंधारात ठेवलं की चिडतात.

वारा आणि डोंगर निसर्गाचे. आता जे सांगतो ते माणसांचं आहे, आणि ते सांगताना मला वाईट वाटतं.

डिसेंबर १९४४ मध्ये शिकागोला एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या पहिल्याच कलमात म्हटलं आहे की प्रत्येक देशाचं आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण आणि अनन्य स्वामित्व आहे. त्या कराराला पर्याय नव्हता. आकाशातून काय येऊ शकतं हे महायुद्धानं दाखवलेलं होतं. पण त्या कलमामुळे दोऱ्यावरची प्रत्येक सरहद्द आकाशातही उभी राहिली. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश बहुतेकांना बंद होतं, म्हणून युरोपातून जपानला जाणारी कितीतरी विमानं अलास्कातल्या अँकरेजला थांबत. स्कँडिनेव्हियाच्या एसएएस या विमानकंपनीनं १९५७ मध्ये कोपनहेगन-अँकरेज-टोकियो मार्ग सुरू केला. फिनलंडच्या फिनएअरनं १९८३ मध्ये उत्तर ध्रुवावरून हेलसिंकी-टोकियो थेट नेलं. त्याच वर्षी १ सप्टेंबरला अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं विमान भरकटून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि लढाऊ विमानानं ते पाडलं. २६९ माणसं गेली. नकाशावरची रेषा चुकल्याची ती किंमत होती.

शीतयुद्ध संपलं, सायबेरिया खुला झाला आणि तास कमी झाले. एका पिढीला वाटलं, आता हे असंच राहणार. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियाचं आकाश युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना पुन्हा बंद झालं. फिनएअरचा हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांच्या आसपासचा होता, तो तेरा तासांवर गेला आणि विमानं पुन्हा ध्रुवावरून जाऊ लागली. अमेरिकेच्या युनायटेड कंपनीनं आपली सॅन फ्रान्सिस्को-दिल्ली आणि नेवार्क-मुंबई ही थेट उड्डाणं मार्च २०२२ मध्ये थांबवली. भारतीय विमानांना रशियाचा मार्ग खुला राहिला. पण तिथेही वेगळी जोखीम होती. ६ जून २०२३ रोजी एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाला, ओखोट्स्क समुद्रावरच्या मगदान शहरात उतरवलं गेलं. आत २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी होते. लहान शहर, पुरेशी हॉटेलं नाहीत, लोकांना वसतिगृहांत, शाळेत ठेवलं गेलं. त्यांना न्यायला मुंबईहून दुसरं विमान पाठवावं लागलं आणि ८ जूनला ते पुढे गेले. वैमानिकांनी योग्य तेच केलं. असा प्रसंग आला तर उतरता यावं म्हणूनच मगदानसारखी नावं आमच्या कागदावर आधीच लिहिलेली असतात. आपल्यापैकी बहुतेकांनी ते नाव त्या दिवशी प्रथम ऐकलं, पण कुणीतरी ते रोज लिहीत होतं.

आणि आता आपल्या दाराशी येऊ. पुलवामा-बालाकोटनंतर फेब्रुवारी २०१९ पासून जुलैपर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ पासून ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं. दिल्लीहून अमेरिकेला जाणारी विमानं व्हिएन्ना, कोपनहेगनला इंधनासाठी थांबू लागली. मुंबई-सॅन फ्रान्सिस्को ही थेट सेवा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली होती. तिचं विमान कोलकात्याला उतरून टाकी भरू लागलं. दोऱ्याची लांबी एक मीटरनंही बदललेली नव्हती, तास मात्र वाढले. पहलगाममध्ये आपली माणसं मारली गेली होती. सरकारं आपापल्या जागी जे निर्णय घेतात त्यांची चर्चा करायला मी इथे उभा नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की आकाश बंद होतं तेव्हा त्याची किंमत शेवटच्या रांगेत पाय अवघडून बसलेल्या माणसापर्यंत पोहोचते. ती किंमत ठरवणाऱ्यांच्या टेबलावर त्या माणसाचे तासही मांडलेले असावेत.

तासांबद्दल बोलताना आधीच्या प्रवाशांची आठवण ठेवली पाहिजे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. ५८ दिवस. वय अठरा, सोबत घरचं कुणी नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला उत्तर ध्रुवाकडून आलेलं विमान चार महिला वैमानिकांनी आणलं : झोया अगरवाल, पापागारी तन्मयी, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास. सरळ अंतर १३,९९३ किलोमीटर आणि प्रवास सतरा तासांच्या आसपास. आनंदीबाईंच्या ५८ दिवसांपासून त्या सतरा तासांपर्यंत १३८ वर्षं लागली. त्या चौघींची नावं मी इथे मुद्दाम वाचून दाखवली, कारण या सभागृहात आज मुली मोठ्या संख्येनं आल्या आहेत.

आता घड्याळ. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. आपल्याकडे पंचांगकर्ते उज्जैनच्या रेखांशापासून गावागावाचा फरक याच हिशेबानं काढत आले आहेत. मुंबईनंसुद्धा स्वतःचं वेगळं घड्याळ, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, १९५५ पर्यंत जपलं होतं. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेबारा. समजा, डिसेंबरात शनिवारी दुपारी ४ वाजता तुम्ही मुंबईहून निघालात आणि साडेपंधरा तास लागले. इथे रविवार सकाळचे साडेसात वाजलेले असतील, तिथे शनिवार संध्याकाळचे ६. भिंतीवरच्या घड्याळांच्या मते प्रवास दोन तासांत झाला. परतीला उलट होतं. शनिवारी रात्री ९ वाजता तिथून निघालात, सतरा तास लागले, तर मुंबईत उतरताना सोमवारची पहाट असते, साडेतीन वाजलेले. रविवार विमानाच्या खिडकीबाहेरच येऊन जातो.

कागदावर हे गमतीचं वाटतं, शरीराला नाही. शरीराचं आतलं घड्याळ दिवसाला साधारण एक तासानं सरकतं, त्यामुळे साडेतेरा तासांचा फरक भरून यायला आठवडा, कधी दोन आठवडे जातात. त्यात विमानातली हवा. बहुतेक जुन्या मोठ्या विमानांत केबिनचा दाब ८ हजार फुटांवर असतो तितका ठेवलेला असतो, नव्या विमानांत ६ हजार फुटांइतका. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच ठिकाणापेक्षाही विरळ हवेत, घसा कोरडा पडेल अशा कोरडेपणात, पाय खाली सोडून आपण पंधरा तास बसतो. तरुणाला ते जड जात नाही. ज्याला दम्याचा त्रास आहे, ज्याच्या पायांना सूज येते, ज्याचं रक्त गुठळ्या धरण्याकडे झुकतं, त्यानं निघण्याआधी डॉक्टरांशी बोललंच पाहिजे. मला हे व्याख्यानात सांगावं लागतं, कारण तिकीट विकताना कुणी सांगत नाही.

आणि प्रवास विमानतळावर सुरू होत नाही. सांगलीहून मुंबईचा विमानतळ पावणेचारशे किलोमीटरवर. रात्रीची स्लीपर बस, पहाटे उतरणं, मग दुपारच्या उड्डाणासाठी तीन-चार तास आधी रांगेत उभं राहणं. पलीकडे इमिग्रेशनची रांग, बॅगा, मग मुलाच्या गाडीतून फ्रीमाँट किंवा सनीव्हेलपर्यंत. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा हिशेब केला तर तीस तासांच्या पुढे जातो, आणि त्यातला निम्मा वेळ विमानाबाहेर गेलेला असतो. विमानाचे तास कमी करणं अवघड आहे, त्याची कारणं मी सांगितली. रांगांचे तास कमी करणं अवघड नाही. वृद्ध प्रवाशांना बसायला पुरेशा खुर्च्या, व्हीलचेअर ढकलणारी पुरेशी माणसं, मराठी-हिंदीत नीट सांगणारं कुणीतरी, यासाठी जेट स्ट्रीमची वाट पाहावी लागत नाही. त्यासाठी माणसं नेमावी लागतात.

व्याख्यानानंतर मला नेहमी विचारतात : थेट विमान घ्यावं की मध्ये थांबणारं? माझं मत असं आहे. पासष्टीच्या आत असाल, प्रकृती ठणठणीत असेल, तर थेट जा. विमान बदलण्याची धावपळ वाचते, सामान हरवण्याची शक्यता कमी होते. गुडघे किंवा रक्ताभिसरण साथ देत नसेल तर आखातात, सिंगापूरला किंवा युरोपात थांबणारं विमान घ्या, पण दोन उड्डाणांमध्ये निदान साडेतीन तास असतील असंच. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असू द्या. पहिलं उशिरा आलं तर पुढची सोय करण्याची जबाबदारी मग कंपनीची राहते. वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडून आई-वडिलांना पाठवू नका. पैसे वाचतात, पण परक्या विमानतळावर रात्री अडकलेल्या माणसाला विचारणारं कुणी नसतं. जागा कडेची घ्या, म्हणजे शेजाऱ्याला न उठवता दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या मोकळ्या जागेत चार पावलं टाकता येतील. औषधं हातातल्या पिशवीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. आणि तिकीट काढताना विचारा की हे विमान वाटेत इंधनासाठी उतरणार आहे का, आणि उतरलं तर प्रवाशांना बाहेर सोडतात की आतच बसवून ठेवतात. पुरेशा लोकांनी हा प्रश्न विचारला तर त्याचं उत्तर तिकिटावर छापावं लागेल.